टर्बोच असन!

कवठे येमाईत गाडीच्या बिघाडांना प्रतिष्ठा असते आणि ती सगळा गाव पाळतो. पंक्चर गाडीकडे कुणी वळूनही बघत नाही. क्लचप्लेट गेली तर जाता जाता एखादा विचारतो, "किती सांगितले?" इंजिनाचं हेड उतरवलंय म्हटल्यावर माणसं थांबतात, तंबाखू मळतात आणि नेमकी फिटरच्या उजेडात उभी राहतात. टर्बो गेला म्हटलं की मात्र लोक घरी येतात. खुर्च्या बाहेर निघतात, चहाचं आधण दुसऱ्यांदा चढतं, आणि आलेला माणूस पहिली पाच मिनिटं टर्बोचं नावसुद्धा न काढता कांद्याच्या बाजाराबद्दल बोलतो. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणतो, "काय ते एकदा करून टाका. गाडी वापराची हाये."

आमच्या दाजींच्या पिकअपचा टर्बो गेलाय, हे गावाने बॉनेट उघडायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीच्या नवऱ्याला "तुमचं चुकतंय" म्हणायची आपल्याकडे सोय नाही. फार तर "तसंही असेल" म्हणता येतं. त्या दिवसांत हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं की पुढे एकदा बँकेत साहेबांनी "तुमची सही जुळत नाही" म्हटलं, तेव्हाही मी तेच म्हणालो.

गाडीची तक्रार साधी होती. रिकामी असली की नीट पळायची. बराखीतला कांदा भरला की चढाला दम टाकायची. दाजींनी पाय पार तळाला नेला तरी काटा चाळिसाच्या पुढे सरकेना, मागे काळाकुट्ट धूर, आणि त्या धुरातून वाट काढत दुधाचे कॅन लादलेला एक टेंपो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. दाजींच्या मनाला लागलं ते हे. धूर आणि दिवा नंतरचे. दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. तो लागला आणि विझेना. पिकअप दारात होती, पिकअप घेत नव्हती.

हे दुःख कळायला इथली पिकअप काय काय करते ते माहीत हवं. अमेरिकेतल्या पिकअपमध्ये एक माणूस, एक कुत्रा आणि मागे मोकळा हौदा असतो, निदान भाचा जे व्हिडिओ बघतो त्यांत तरी. आमच्याकडे हौदा मोकळा दिसला की लोक काळजीने विचारतात, "काय ओ, रिकामंच?" कांदा मंचरला, दसऱ्याचा झेंडू गुलटेकडीला, अधूनमधून डाळिंबाचे क्रेट, पेंडीची पोती, लग्नसराईत मांडवाचे बांबू आणि त्या बांबूंवर बसलेली वऱ्हाडी मंडळी. बैलगाडा शर्यतीचे बैलसुद्धा घाटापर्यंत पिकअपमधूनच जातात. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून मोकळ्या केल्या आणि १८ मे २०२३ ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्यांच्या पळण्यावरून एवढा खटला चालला ते बैल घाटापर्यंत चार पावलंही चालत नाहीत. त्यांच्या मालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दाजींच्या गाडीची बातमी त्यावर "टर्बो गेला, दुसरी गाडी बघा" अशी गेली.

टर्बो या वस्तूबद्दल मला आधीपासून आदर आहे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनात जाळलेल्या तेलाची बरीचशी ताकद गरम धूर होऊन फुकट जाते, हे त्याला बघवेना. म्हणून त्याने जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवलं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र. धूर पहिल्याला फिरवतो, दुसरं बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे जास्त डिझेल नीट जळतं, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. ट्रकला टर्बो बसला १९३८ मध्ये, तोही स्वित्झर्लंडमध्येच. कल्पना परदेशी असली तरी कवठ्यात ती परकी वाटत नाही. उसाच्या वाढ्यापासून लग्नातल्या उरलेल्या बुंदीपर्यंत इथे काहीच वाया जाऊ देत नाहीत. धूर तेवढा राहिला होता.

आता या चक्राचं एक दुखणं आहे. ते मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. धुराच्या बाजूला सहज सातशे अंशांचा ताप असतो. एवढ्या वेगाचा दांडा लोखंडावर टेकून फिरला तर क्षणात जळेल, म्हणून तो तेलाच्या, केसाहून पातळ अशा थरावर तरंगत फिरतो. हे तेल इंजिनाचंच, वेगळं नाही. म्हणजे दाजी जेव्हा तेलाची कांडी बाहेर काढून, दोन बोटांत तेल चोळून, "अजून चांगलंय की" म्हणतात, तेव्हा ते त्या थराबद्दल बोलत असतात. मार्केटात गाडी गरमागरम आत घालून, वाहन लावता लावताच चावी फिरवायची त्यांची सवयही त्याच थराच्या मुळावर येणारी. चावी फिरली की तेलाचा पंप थांबतो, चक्र मात्र आणखी काही क्षण फिरत राहतं. कंपनीच्या पुस्तकात अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवा असं लिहिलेलं असतं. पुस्तक कुठाय म्हणून विचारलं तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, जमिनीच्या उताऱ्यांबरोबर निघालं. जपून ठेवलंय, वाचलेलं नाही.

पहिलं निदान शेजारच्या नानांनी केलं. नानांची हयात विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाबरोबर गेली. हँडल मारून ते चालू करायचं, आणि रात्रभर उसाच्या सरीत उभं राहून लांबून नुसत्या धुराकडे बघून त्याची तब्येत ओळखायची. काळा धूर म्हणजे हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी शिरलंय नायतर डिझेल कच्चं चाललंय. दाजींनी गाडी जागेवर रेस करून दाखवली. नानांनी काठी टेकवली, धूर बघितला आणि म्हणाले, "हिला हवा मिळंना."

खरं म्हणजे तपास तिथेच निम्मा संपला होता. पण नानांनी पैसे मागितले नाहीत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन आलं नाही. शिवाय लगेच पुढे ते म्हणाले, "त्यो सगळा नळ्याबिळ्यांचा पसारा कापून टाका आन् डायरेक करा." या सल्ल्याने आधीचाही सल्ला बुडाला.

नव्या गाड्यांत डायरेक काही होत नाही, हीच तर मेख आहे. १ एप्रिल २०२० ला देशात बीएस-सिक्स आलं. त्याआधी बीएस-फोर होतं, फाइव्ह आपण गाळलं. चौथीतल्या पोराला एकदम सहावीत बसवावं तशी गाड्यांची अवस्था झाली, आणि फिटरांची त्याहून वाईट. जुन्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबणं हा हुकूम होता, तार थेट पंपाला जायची. आता तो अर्ज आहे. अर्ज कॉम्प्युटरकडे जातो, तिथे हवा किती, दाब किती, ताप किती अशी चौकशी होते आणि मंजूर होईल तेवढं डिझेल सुटतं. टर्बोचा दाब कमी दिसला की कॉम्प्युटर पिवळा दिवा लावतो आणि इंजिनाची ताकद स्वतःहून कापतो. मालक घरी पोचेल याची काळजी घेतो, माल बाजारात पोचेल याची घेत नाही.

स्टँडजवळच्या हॉटेलातल्या बाकावर मात्र चौकशीची गरज कुणालाच वाटली नाही. "टर्बोच असन," एक म्हणाला. "टर्बोच," दुसरा म्हणाला. मलठणला कुणाचा तरी गेला होता, टाकळी हाजीलाही एकाचा. जांबूतकडच्या एकाने तर दोनदा बदलला. प्रत्येकाकडे टर्बो गेलेला एक नातेवाईक होता, आणि ज्याच्याकडे नव्हता तो नुसता ऐकत होता, जरा ओशाळून. एकाने कारण रस्त्यावर ढकललं: निघोजचे रांजणखळगे कुकडी नदीत आहेत आणि बाकीचे आपल्या वाटेत, त्यात आपटून टर्बो जातो. आपटून टर्बो जात नाही, क्लिपा ढिल्या होतात. पण हे मी बोललो नाही. तसंही असेल, म्हणालो.

मग शिरूरहून स्कॅनरवाला पोरगा आला. डिप्लोमा झालेला, पाठीला सॅक, गळ्यात हेडफोन. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात त्याने वायर खोचली आणि मोबाइलवर बोट फिरवत बसला. दाजी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. पोरगा म्हणाला, "पी झिरो टू नाइन नाइन."

"म्हंजी?"

"दोनशे नव्याण्णव."

दाजींचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून तीनशे रुपये काढून पुढे केले. "सुट्टा राहू दे." पोराने समजावून सांगितलं की हा आकडा कोडचा आहे, त्याची फी पाचशे.

या कोडचा अर्थ टर्बोचा दाब पाहिजे त्यापेक्षा कमी पडतोय, एवढाच. का कमी पडतोय हे त्यात नसतं. ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. संशयित पुष्कळ: धुळीने कोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरला जाणारा होज आतून फाटलेला, त्याची क्लिप सुटलेली, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, चुकीचं सांगणारा सेन्सर, टर्बोची दांडी ओढणारा अ‍ॅक्च्युएटर, त्याच्याकडे जाणारी नळी, आणि या सगळ्यांत महाग असा स्वतः टर्बो. शहाणपण सांगतं की स्वस्ताकडून महागाकडे जावं. जग दुसऱ्या टोकाने सुरुवात करतं, कारण महाग भागाचं नाव घेतलं की सांगणारा जाणकार वाटतो. "क्लिप ढिली असेल" म्हणणाऱ्याला दुसरा चहा कोण विचारतं?

दाजींना गाडी दुसऱ्याच दिवशी मोठ्या गावातल्या एका सर्व्हिस सेंटरला न्यायची होती. मला बरोबर घेतलं, कारण मला इंग्रजी वाचता येतं. तिथे काचेची गार खोली होती. काचेपलीकडे आपली गाडी दिसते, तिचं काय चाललंय ते ऐकू येत नाही. टाय घातलेला एक तरणा पोरगा दाजींना "सर" म्हणाला. दाजींनी मागे वळून बघितलं. मग त्याने कागद पुढे केला. त्यावर टर्बोचार्जर असेंब्ली, गॅस्केट किट, इंजिन ऑइल, फिल्टर, लेबर, आणि सगळ्यात खाली कन्झ्युमेबल्स नावाची एक रक्कम होती. बेरीज अडतीस हजारांच्या वर.

"उघडून बघितला का टर्बो?" दाजींनी विचारलं.

"सर, आम्ही उघडत नाही. बदलतो."

"मग गेलाय कशावरून?"

"सर, कोड आलाय ना."

दाजींनी एस्टिमेटची घडी घातली आणि तिथल्या मऊ कोचावर बसून हिशेब मांडला. मंचरला कांद्याचा दर दहा किलोला बोलतात. त्या आठवड्यात तो सव्वाशे होता. अडतीस हजार म्हणजे तीस क्विंटल, म्हणजे गच्च भरलेल्या दोन गाड्या, हमाली, तोलाई, डिझेल न धरता. "दोन खेपा नुसत्या टर्बोला," दाजी म्हणाले. "आन् टर्बो नाय म्हणून खेपाच नाय." माझ्या मनात आलं, कांद्याच्या दराचंही असंच आहे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली, ४ मे २०२४ ला उघडली, १ एप्रिल २०२५ ला निर्यातशुल्कही गेलं. दाब कमी असल्याचा दिवा आमच्या दारात लागतो आणि नळ्या सगळ्या दिल्लीत. तिथे स्कॅनर लावायची सोय नाही.

मधले दिवस मी भरभर सांगतो, कारण त्यांत तथ्य थोडं आहे. चाकणच्या बाजूचा एक टर्बो दुरुस्त करणारा फोनवर म्हणाला, "काढून आणा, मग सांगतो." काढायची मजुरी वेगळी. एका भंगारवाल्याने अपघातातल्या गाडीचा टर्बो देऊ केला, "गाडीचा चक्काचूर, टर्बोला ओरखडा नाय." तंबाखू मळत आलेल्या एकाने डिझेलमध्ये कसलं तरी औषध टाकायला सांगितलं. भाच्याने अमेरिकन माणसाचा व्हिडिओ बघून सगळ्या होजांवर साबणाचा फेस मारला. फट असेल तिथे बुडबुडे येतात, ही युक्ती खोटी नाही. बुडबुडे आले नाहीत. इंजिन मात्र शोरूममधून आणल्यानंतर पहिल्यांदाच धुतलं गेलं. ताई म्हणाली, "एवढं कधी न्हाणीघर घासलं नाय कुणी."

शेवटी गाडी गेली रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. पाटी नाही. फिटर पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो काही अवलिया नव्हता. त्याचं एकच वेगळेपण: त्याच्याकडे विकायला टर्बो नव्हता.

त्याने आधी एअर फिल्टर काढून चाकावर आपटला. निम्मं शिवार बाहेर पडलं. मग टर्बोच्या तोंडावरचा जाड रबरी पाइप सोडला, कापडाने हात पुसले आणि अंगठा आणि बोट आत घालून चक्राचा मधला नट धरला. आम्हीही वाकून बघितलं. चक्राची पाती चांदीसारखी स्वच्छ, काठाला कुठे खरचटलेलं नाही. त्याने दांडा आडवा हलवला. किंचित हलला. दाजींनी श्वास रोखला. "एवढं असायला पायजे," फिटर म्हणाला, "तेलाला जागा लागती." मग पुढे-मागे ओढून बघितला. तसूभरही नाही. "आत-बाहेर हाललं असतं तर गेला म्हणायचा." पाइपच्या आतून बोट फिरवून त्याने उजेडात धरलं. तेलाचा नुसता ओशटपणा होता, ओघळ नव्हता. टर्बो निर्दोष सुटला. बाकावरून आलेल्या मंडळींचे चेहरे पडले.

मग त्याने दाजींना चावी मारायला सांगितली आणि टर्बोच्या बाजूच्या डबीतून निघालेल्या एका बारीक सळईकडे बघत बसला. इंजिन चालू झालं की ती सळई ओढली जायला हवी. सळई ढिम्म. "हिला ओढच नाय," तो म्हणाला, आणि पोराला हाक मारली, "उदबत्ती आण रे."

गणपतीच्या फोटोपुढची उदबत्ती आली. चालू इंजिनावरून तो ती सावकाश फिरवू लागला, डावीकडून उजवीकडे, नळी नळीवरून. शेडमध्ये सगळे गप्प झाले. एकाने टोपी काढली. रस्त्याने चाललेल्या एक आजी थांबल्या, हात जोडले, "येमाई माते, गोरगरिबाची गाडी हाये" म्हणाल्या. धूर सरळ वर चालला होता. बॅटरीच्या मागे, केबिनच्या पत्र्याला लागून गेलेल्या एका नळीपाशी तो एकदम वाकला आणि आत ओढला गेला. फिटरने उदबत्ती पोराच्या हातात दिली, कोपरापर्यंत हात घातला आणि वीतभर काळी रबरी नळी तोडून बाहेर काढली. पेन्सिलीएवढी जाड. तिच्यावर दोन-दोन दातांच्या खुणा जोडीजोडीने, आणि एका जागी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.

"उंदीर," फिटर म्हणाला.

व्हॅक्यूम पंपाची ओढ या नळीतून टर्बोच्या त्या डबीपर्यंत जाते. भोकातून ती वाटेतच बाहेरची हवा ओढत होती. डबीला ओढ नाही, सळई हलत नाही, टर्बो पुरता कामाला लागत नाही, दाब कमी, दोनशे नव्याण्णव. नानांचं "हवा मिळंना" अक्षरशः खरं होतं.

आता उंदीर तिथे का पोचला, तर त्याचं उत्तर गॅरेजात नाही, रानात आहे. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे शेजारच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याने तीन जीव घेतले, त्यांत दोन लेकरं होती. त्यावर विनोद करायची कुणाची प्राज्ञा नाही. अंधार पडला की माणसं घरात जातात, पोरांना एकटं अंगणात सोडत नाहीत. दाजींची गाडी पूर्वी वाटेच्या कडेला लिंबाखाली उभी असायची. तेव्हापासून ती पार घराला चिकटून, दिव्याच्या उजेडात उभी राहते, म्हणजे पहाटे बाजाराला निघताना दार ते केबिन एवढंच अंतर. घराला चिकटून म्हणजे बराखीला चिकटून, आणि बराखीत कांद्याशेजारी पेंडीची पोती. पेंड खाऊन झालेल्या उंदराला थंडीच्या रात्री गरम इंजिनाशेजारी झोपायला मिळालं, आणि चघळायला रबर. बिबट्याचा मुक्काम उसात, त्याचा परिणाम टर्बोच्या नळीवर. हे कुठल्या स्कॅनरमध्ये दिसणार?

नळी शंभराच्या आत आली. फिटरने मजुरी मागितली ती सांगायलाही लाज वाटावी इतकी कमी, म्हणून दाजींनी वर पोराच्या हातात पन्नास ठेवले. कोड पुसायला तो स्कॅनरवाला परत आला आणि परत पाचशे घेऊन गेला. ताईने दुधाच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर सगळा खर्च लिहून ठेवला: तपासणी फी, हेलपाट्यांचं डिझेल, गाडी धुवायचा शाम्पू, डिझेलातलं औषध, आणि भेटायला आलेल्यांचा चहा. दुरुस्तीची ओळ सगळ्यांत लहान होती. बाकीचं सगळं निदान. दाजींचं म्हणणं असं की गाडी बंद होती त्या मुदतीत दर दहा किलोला पंधरा रुपयांनी चढला, तेव्हा बिघाडाने फायदाच झाला. ताईचं म्हणणं, तेवढ्या दिवसांत कांद्याला कोंब आले आणि चार पोती निवडून उकिरड्यावर टाकावी लागली. मी दोघांनाही म्हणालो, तसंही असेल.

हॉटेलातल्या बाकाची प्रतिक्रिया तुम्ही ओळखलीच असेल. "नळी कशाची व्हती? टर्बोचीच ना? मंग!" आणि त्या सर्व्हिस सेंटरमधून एका मुलीचा फोन आला, सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? दाजींनी विचारपूर्वक दोनशे नव्याण्णव सांगितले.

टर्बो कधी जातच नाही असं कुणी समजू नये. निळा धूर, इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा ओघळ, चढाला रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी वाढत जाणारी शिट्टी आणि दांड्याला आत-बाहेर हालचाल, ही लक्षणं एकत्र दिसली तर घासाघीस न करता पैसे काढावेत. मात्र जुन्याला तेल का पोचलं नाही हे शोधल्याखेरीज नवा बसवू देऊ नये, कारण तेलाची वाट कोंदलेली असेल तर नवाही त्याच वाटेने जातो. बाकी वेळी आधी फिल्टर, मग क्लिपा, मग होज, मग बारीक नळ्या. "टर्बो गेला" म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं, दांडा हलवून बघितलात का? बघितला नसेल तर गाडी घेऊन निघावं. दाजींनी तेवढ्यापुरतं इंजिन ऑइलही बदललं. जुनं बाहेर आलं ते ओतायच्या ऐवजी कापून काढावं लागलं असतं, पण त्यांच्या मते ते अजून चांगलं होतं.

उंदरांचा बंदोबस्त चालू आहे. मांजर आणली, ती सीटवर झोपते. डांबरगोळ्या टांगून झाल्या. सध्या फिटरच्या सांगण्यावरून दाजी रात्री बॉनेट उघडं ठेवून आत बल्ब लावतात, उजेडात आणि गार इंजिनात उंदीर येत नाही म्हणून. तेव्हा रात्री कवठ्यातून जाताना बराखीशेजारी बॉनेट उघडून उभी असलेली पिकअप दिसली तर कृपा करून थांबू नका आणि काय झालंय ते सांगूही नका. गाडी ठीक आहे.